कशाच्या तिप्पट?

मावशीच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत कोणी फारसं बोलत नसे. आतून दात कोरायच्या यंत्राचा आवाज सुरू झाला की बाकावरचे सगळे पाय जवळ घ्यायचे, आणि तो थांबला की हळूच सैल सोडायचे. बिट्टीला हे बघायची सवय झाली होती. तिचे स्वतःचे दात उत्तम होते. ती यायची जेवायला. ती संगणकांचं काम बघायची ते ग्रंथालय दोन गल्ल्या सोडून होतं, आणि मावशी-भाची दुपारचा डबा दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकत्र खायच्या. मावशीचा रुग्ण लांबला की बिट्टी बाहेर बसून राहायची.

त्या दुपारी बारीक पाऊस होता. खिडकीच्या काचेवर थेंब एकमेकांत मिसळून ओघळत होते, कोपऱ्यात छत्र्या ठिबकत होत्या, आणि बिट्टी मांडीवरच्या कागदांवर पेन्सिलीनं अशा काही रेघा मारत होती की शेजारच्या गृहस्थांनी अंग चोरून घेतलं.

"तिप्पट म्हणे," ती पुटपुटली. "कुठल्या शहाण्यानं काढलंय हे?"

कागद एका सुरक्षा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचे होते. चकचकीत, आणि पहिल्याच पानावर लाल अक्षरांत: मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर मालवेअरचा धोका तिप्पट. मालवेअर म्हणजे संगणकात चोरपावलांनी शिरून माहिती पळवणारे, नासधूस करणारे प्रोग्रॅम. आणि बिट्टीच्या ग्रंथालयातले झाडून सगळे संगणक त्याच मोफत सिस्टीमवर चालत होते. तिनंच ते तसे केले होते, एकेक करून, हौसेनं. येत्या शुक्रवारी ग्रंथालयाची समिती बसणार होती, आणि हे कागद हातात पडल्यापासून समितीचे अध्यक्ष एकच वाक्य बोलत होते: सगळं बदलून टाका.

आतलं दार उघडलं. एक उंच तरुण बाहेर आला. एका गालात कापूस, ओठ एका बाजूला झुकलेला – जणू अर्ध्या चेहऱ्याला एखादा विनोद कळला होता आणि उरलेल्या अर्ध्याला नाही. तो बिट्टीच्या समोरच्या बाकावर बसला. त्यानं कागदांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा कागदांकडे.

"ते..." तो म्हणाला. "ते नी काढलंय."

"कोणी?"

"नी."

"नी कोण?"

त्यानं हताशपणे छातीवर बोट ठेवलं. "नी. नी स्वतः."

बिट्टीची पेन्सिल थांबली. 'मी' म्हणायला ओठ मिटावे लागतात, आणि याचे ओठ अजून भुलीत होते. म्हणजे तो शहाणा हाच. तिचे कान तापले. पण समोर आलेलं उत्तर सोडून देणाऱ्यांतली ती नव्हती.

"मग बरं झालं भेटलात," ती म्हणाली. "सांगा. कशाच्या तिप्पट?"

त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून मावशीचा आवाज आला. "त्यांना बोलायला लावू नकोस गं. भूल उतरायच्या आत ओठ चावून ठेवतील, आणि नाव माझं खराब होईल."

"मान तर हलवता येते ना?"

त्यानं मान हलवली. येते.

"तुमचं सॉफ्टवेअर ज्या संगणकांवर आहे, तेवढेच तुम्ही मोजलेत?"

हो.

"मोफत सिस्टीम वापरणारे बहुतेक लोक तुमचं सॉफ्टवेअर घेतच नाहीत. बरोबर?"

हो. जरा नाखुशीनं.

"म्हणजे घेतात ते कोण? ज्यांना आधीच काहीतरी बिघडलंय अशी शंका आलीये, ते?"

इथे तो थांबला. मान ना हो म्हणाली, ना नाही. त्यानं बाकांवरून नजर फिरवली – गाल धरून बसलेल्या बाई, सुजलेल्या जबड्याला रुमाल बांधलेले आजोबा, शेजारचे गृहस्थ. बिट्टीनंही पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, म्हणजे इथे बसून शहरात किती जणांचे दात दुखतात ते ठरवण्यासारखं झालं हे."

"माझा दुखत नाही," शेजारचे गृहस्थ घाईनं म्हणाले. "मी सोबत आलोय."

तो हसला. म्हणजे अर्धाच हसला, पण तो अर्धाही बराच होता. मग त्यानं खिशातून फोन काढला, काहीतरी लिहिलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. 'हेच मी खाली टिपांमध्ये लिहिलंय. शेवटचं पान बघा.'

"शेवटच्या पानावर ढाल आहे," बिट्टी म्हणाली. "निळी."

त्यानं कागद हातात घेतले. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं, पुन्हा मागचं. त्याच्या चेहऱ्याचा जो अर्धा भाग अजून त्याचं ऐकत होता, तो हळूहळू उतरत गेला. तो उठला, मान झुकवून तिचा निरोप घेतला आणि छत्री न उघडताच पावसात बाहेर पडला.

"गोळ्या विसरला," मावशी पुडी हातात घेऊन बाहेर आली. "आता नंबर तर आहे माझ्याकडे, पण रुग्णाचा नंबर मी कोणाला देत नाही हं. तू बस इथेच. येईल परत."

तो आला. धापा टाकत, भिजून. गोळ्या घेतल्या, आणि बिट्टीच्या कागदांवर, त्या निळ्या ढालीच्या पोटातच स्वतःचा नंबर लिहून दिला.

"इतक्या वर्षांत," तो गेल्यावर मावशी म्हणाली, "दात काढून घेऊन हसत गेलेला हा पहिलाच."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ग्रंथालयासमोरच्या कॉफीच्या दुकानात भेटले. काचेपलीकडे लोक छत्र्या मिटून घराकडे चालले होते. त्याचा ओठ आता सरळ होता.

"तुमचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं," बिट्टी म्हणाली.

"कसा असेल असं वाटलं होतं?"

"अर्धा."

तो हसला, यावेळी पुरता. ऑफिसात सगळे त्याला दशांश म्हणतात, असं त्यानं सांगितलं. कुठलाही आकडा तो 'जवळजवळ' म्हणून सोडत नाही, म्हणून. बिट्टीला ते नाव इतकं आवडलं की तिनं दुसरं विचारलंच नाही. त्यानंही मावशीच्या तोंडून ऐकलेलं 'बिट्टी' तसंच उचललं होतं, पण मागे 'ताई' लावावं की नाही, या विचारात तो दर वाक्याला अडखळत होता.

"नुसतं बिट्टी चालेल," तिनं त्याची सुटका केली. "आता सांगा."

त्यानं साखरेच्या पुड्या टेबलावर मांडल्या. त्याच्या बोटांना स्वस्थ बसवत नसावं.

"पहिली गोष्ट तुम्ही काल दवाखान्यातच पकडलीत. आमचा आकडा आमच्या ग्राहकांबद्दल आहे. जगाबद्दल नाही. दुसरी गोष्ट... या सिस्टीमवर कंपन्यांची ईमेल साठवणारी मोठी यंत्रं चालतात. दुसऱ्याच सिस्टीमसाठी लिहिलेले व्हायरस ईमेलबरोबर तिथे येऊन पडतात. तिथे ते काही करू शकत नाहीत, नुसते पडून असतात. पण आमचं सॉफ्टवेअर 'सापडला' म्हणून नोंद करतं. ते सगळे मी वेगळे मोजले होते."

"आणि छापताना?"

"छापताना एकत्र झाले. चार टिपा होत्या माझ्या. जाहिरात विभागाला ढालीसाठी जागा हवी होती."

"ढाल छान आहे पण."

"चार टिपा खाऊन बसलीये ती." तो पुड्यांकडे बघत म्हणाला. "मी आज त्यांना विचारलं. ते म्हणाले, टिपा कोण वाचतं."

"मी वाचते," बिट्टी म्हणाली.

त्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत काहीतरी असं हललं की बिट्टीला उगाच कॉफी ढवळावीशी वाटली, साखर घातलेली नसतानाही.

मग तिनं त्याला वाचनकक्षाबद्दल सांगितलं. खिडकीजवळच्या कोपऱ्यातला संगणक, आणि त्यावर रोज बसणारे काका. काका एकेकाळी जहाजावर बिनतारी संदेश पाठवण्याचं काम करत. आता त्यांना दिसत नाही. त्या संगणकावर बिट्टीनं एक बोलणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं, आणि त्यांना ऐकायला सोपं जावं म्हणून त्याचा वेग, उच्चार, कळा असं सगळं कितीतरी दिवस त्यांच्या शेजारी बसून जुळवलं होतं. सिस्टीम बदलली तर ते सगळं जाणार. काकांसारखे आणखीही वाचक होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकायचं.

"आता तुमच्या या माहितीवर मी शुक्रवारी समितीला गप्प करते," ती म्हणाली. "धोका नाहीच, म्हणून सांगते."

त्याची बोटं थांबली. "तसं मात्र नका सांगू."

"का?"

"तुमचे संगणक ठीक आहेत, हे तुम्हाला कशावरून माहीत?"

"ठणठणीत आहेत. आजवर काही झालेलं नाही."

"म्हणजे काही दिसलेलं नाही."

"एकच ना ते."

"नाही, एकच नाही." तो हळू बोलत होता, पण मागे हटत नव्हता. "शेवटचं कधी तपासलंत? अपडेट येतायत का, काय काय चालू आहे... एकेक संगणक उघडून?"

बिट्टीनं आठवून पाहिलं, आणि जे आठवलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

"आमचा आकडा चुकीचा आहे," दशांश म्हणाला, "म्हणून तुमचं उत्तर बरोबर ठरत नाही."

तिनं पर्स उचलली. "उशीर होतोय मला," म्हणाली, आणि पावसात चालती झाली. कोपऱ्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की छत्री दुकानातच राहिली. परत जाणं शक्यच नव्हतं. ती भिजतच घरी गेली, आणि मावशीनं कारण विचारल्यावर "काही नाही, एक आगाऊ माणूस" एवढंच म्हणाली. मावशीनं टॉवेल दिला आणि पुढे काही विचारलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडायच्या बऱ्याच आधी बिट्टी वाचनकक्षात होती. एकेक संगणक उघडून बघत गेली. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा, चौथा... तिचा धीर वाढत चालला. मनातल्या मनात ती त्याला ऐकवायची वाक्यंही जुळवू लागली.

मग खिडकीजवळचा.

त्याचे अपडेट कधीचे थांबले होते. उन्हाळ्यापासून. कुठेतरी काहीतरी अडकलं होतं आणि ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं – म्हणजे तिच्याच. आणि त्याहून वाईट म्हणजे संगणक सुरू होताच एक अनोळखी प्रोग्रॅम आपोआप जागा होत होता आणि बाहेर कुठेतरी जोडला जात होता. तिनं तो कधीच बसवलेला नव्हता.

वाचकांची नावं, पत्ते, फोन नंबर याच जोडणीवरच्या दुसऱ्या यंत्रात होते. या प्रोग्रॅमनं ते बाहेर नेले असतील तर... तिनं फोन उचलला, आणि जुळवून ठेवलेल्या वाक्यांपैकी एकही तोंडून निघालं नाही.

"ऐक ना," ती म्हणाली. "तू येऊ शकतोस का? आत्ता?"

तो आला तेव्हा शर्टाची बटणं एक घर चुकलेली होती आणि काखेत तिची छत्री होती. स्वतः भिजला होता. छत्री कोरडी, घडी केलेली.

"उघडायची ना," बिट्टी म्हणाली.

"तुझी आहे."

त्यानं आधी संगणकाची बाहेरची तार काढली. ती तार टेबलाखाली इतकी आत होती की दोघांना गुडघ्यांवर रांगत जावं लागलं. खाली धूळ होती, कोणाचं तरी हरवलेलं पेन होतं, आणि जागा फारच थोडी होती. त्याच्या केसांतलं पाणी तिच्या मनगटावर पडलं. दोघंही क्षणभर हलले नाहीत.

"फोनवर तू मला तू म्हणालीस," तो म्हणाला.

"घाबरले होते."

"आणि आता?"

"आताही घाबरलेलीच आहे."

"मग तूच राहू दे."

टेबलाखालून बाहेर येताना तिनं त्यानं पुढे केलेला हात धरला, आणि उभी राहिल्यावर लगेच सोडला नाही.

तो प्रोग्रॅम उलगडून बघायला बसला. बिट्टी त्याच्या खांद्यामागे उभी राहून नखं चावत होती. "हे कुठेतरी परदेशातल्या बंदराच्या पत्त्याला जातंय," तो म्हणाला. "पण बाहेर काही पाठवत नाहीये. नुसतं घेतंय... आवाज आहे हा. हे ध्वनी आहेत."

तेवढ्यात दारावर काठीची टकटक झाली. काका नेहमी सगळ्यांच्या आधी यायचे. बिट्टीनं दार उघडलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काका, या संगणकावर कोणी काही बसवलंय का?"

काकांनी काठी दोन्ही हातांनी धरली. कोणाच्या तरी बागेतलं फूल तोडताना सापडल्यासारखा चेहरा केला.

"मीच," ते म्हणाले. "समुद्राची बातमी लागते त्यावर. वारा किती, लाटा किती, कोणत्या बंदरात बोटी थांबवल्या... ते बोलणारं सॉफ्टवेअर सांगत गेलं तसतशा कळा दाबत गेलो मी. तुला विचारायला हवं होतं, पण म्हटलं, नाही म्हणालीस तर?"

बिट्टी तिथल्या तिथे खुर्चीत बसली. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. दशांशनं तो प्रोग्रॅम ज्यांनी बनवला त्यांच्याकडच्या मूळ प्रतीशी ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर तोच होता. त्याखेरीज कुठे काही नव्हतं. मग दोघांनी मिळून उरलेले संगणकही पुन्हा तपासले, वाचकांच्या माहितीचं यंत्र तपासलं, अडकलेले अपडेट सोडवले. वाचनकक्ष भरला, रिकामा झाला, पुन्हा भरला. सगळं स्वच्छ निघालं तेव्हा बिट्टीचा जीव भांड्यात पडला आणि दोघांनाही एकदम सणसणीत भूक लागली.

पायऱ्यांवर बसून तिचा डबा अर्धा अर्धा खाताना ती म्हणाली, "शुक्रवारी हे सांगावं लागेल मला. अपडेट बंद होते हे."

"आता तर चालू आहेत."

"तुझ्या टिपा कोणी कापल्या म्हणून मी एवढी चिडले. मग माझी टीप मीच कापू?"

त्यानं तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की तिला विचारावं लागलं, "काय?"

"काही नाही. मी पण येतो शुक्रवारी. आमचा तो आकडा नेमका काय आहे, ते समितीला मी सांगतो."

"आणि तुझी नोकरी?"

"बघू."

"बघू नाही. तू यायचं नाहीस." तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. "तुला घरी बसवून मला जिंकायचं नाहीये."

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग आधी माझ्या साहेबांकडे जातो. टिपांसकट."

*

गुरुवारी त्याचा फोन आला नाही. बिट्टीनं केला तर उचलला गेला नाही. शुक्रवारी सकाळीही नाही. ती दुपारी मावशीकडे गेली, पण डबा तिनं उघडलाच नाही.

"काढलं असेल त्याला," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कशाला? टिपा त्याच्या, तोंड त्याचं." मावशीनं तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "तो माणूस दात काढतानाही खुर्चीत हलला नाही, बिट्टे. आणि मला आधी म्हणाला, दुखेल तर दुखेल म्हणून सांगा. असा माणूस गप्प बसायला गेला असता तर त्याला जास्त त्रास झाला असता. तू तुझं बोलून ये. जा."

समितीची खोली अरुंद होती आणि टेबल लांब. एका टोकाला अध्यक्ष, लाल अक्षरांतला तो अहवाल समोर ठेवून. दुसऱ्या टोकाला ग्रंथपाल बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बिट्टीनं आधी ठरवलेलं भाषण बाजूला ठेवलं. तिनं सरळ सांगितलं की हा तिप्पटचा आकडा कंपनीच्या ग्राहकांचा आहे, सगळ्या संगणकांचा नाही. त्यात नुसते पडून असलेले निरुपद्रवी व्हायरसही मोजलेत. किती वेळा काही सापडलं ते यात आहे, किती जणांचं नुकसान झालं ते यात कुठेच नाही.

"म्हणजे धोका नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा सूर असा होता की तिनं हो म्हणावं आणि मग त्यांना तिला पकडता यावं.

"आहे," बिट्टी म्हणाली. "आपल्याच एका संगणकाचे अपडेट उन्हाळ्यापासून बंद होते. माझ्या लक्षात आलं नाही. या आठवड्यात आलं. सगळं तपासलं, सुदैवानं काही गेलेलं नाही, आणि आता ते चालू आहेत. पण धोका होता. तो कोणती सिस्टीम आहे यामुळे नव्हता, मी लक्ष दिलं नाही यामुळे होता. दुसरी सिस्टीम आणली आणि मी असंच केलं, तर तिथेही असेल."

अध्यक्षांनी अहवाल उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

ग्रंथपाल बाईंनी चष्मा काढला. "इतकी वर्षं मी या खोलीत बसते," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली, असं इथे कोणी विचारल्याशिवाय सांगितल्याचं मला आठवत नाही. मला वाटतं, संगणक आहेत तसेच राहू द्यावेत आणि दर महिन्याला हिनं तपासून समितीला कळवावं. मला तेवढं पुरे."

अध्यक्ष कागदाकडे बघत म्हणाले, "ते समुद्राच्या बातमीवाले गृहस्थ कालच मला जिन्यात भेटले. तो संगणक काढू नका म्हणून माझा हात सोडतच नव्हते." आणि त्यांनी अहवाल फाइलखाली सरकवला. "राहू द्या तसेच."

*

बिट्टी बाहेर आली तेव्हा पाऊस थांबला होता. पायऱ्या ओल्या होत्या, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, रुमाल अंथरून, दशांश बसला होता.

ती धावत खाली आली आणि दोन पायऱ्या वर थांबली. "काढलं तुला?"

"नाही."

"मग फोन का उचलला नाहीस?"

"काल दिवसभर आणि आज सकाळभर मीटिंगमध्ये होतो. फोन बाहेर ठेवायला लावतात." तो उठून उभा राहिला. पायऱ्यांमुळे आता दोघांचे डोळे एका उंचीवर आले. "मी साहेबांना म्हटलं, टिपा छापा नाहीतर माझं नाव काढा. ते म्हणाले, तुझं नाव त्यावर आहेच कुठे? मग त्यांनी टिपा मागितल्या. वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग जाहिरात विभागाला वर बोलावलं, आणि दार बंद केलं."

"आणि?"

"अहवाल वेबसाइटवरून उतरवलाय. टिपांसकट परत चढेल. पुढच्या वेळेपासून शेवटची प्रत मी बघितल्याशिवाय छापायची नाही." त्यानं श्वास सोडला. "मला वाटलं होतं, आज टेबल आवरून घरी जावं लागणार. तुझं काय झालं?"

"राहिले," बिट्टी म्हणाली. "सगळे राहिले. काकांचाही." आणि ती होती त्याच पायरीवर बसली. तो तिच्या शेजारी बसला. रुमाल आता खालच्या पायरीवर भिजत होता, आणि दोघांपैकी कोणालाच तो उचलायचं भान नव्हतं. थोडा वेळ ते नुसते हसत राहिले, कशावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग तो गंभीर झाला. "मला तू आवडतेस," तो म्हणाला. "हे त्या कॉफीच्या दिवशीच सांगायचं होतं. पण तू रागावून निघून गेलीस."

"रागावले नव्हते मी."

"मग?"

"तुझं पटलं होतं." ती समोरच्या ओल्या रस्त्याकडे बघत म्हणाली. "राग आला असता तर दुसऱ्या दिवशी गेला असता. पटलं म्हणून... इतके दिवस डोक्यातून जाईना. तू पण."

"मी पण?"

"तू पण गेला नाहीस. डोक्यातून." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मलाही आवडतोस. आता असा बघू नकोस. सगळे बाहेर येतायत."

खरंच, मागून ग्रंथपाल बाई उतरत होत्या. त्या दोघांना वळसा घालून गेल्या, आणि खाली पोचल्यावर वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "बिट्टी, उद्या उशिरा आलीस तरी चालेल."

दोघं रस्त्याच्या कडेनं थांब्यापर्यंत चालत गेले. त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं, मग दुसरं, मग अख्खा हातच. थांब्यावर एक बस आली, दार उघडून थोडी थांबली आणि निघून गेली.

"तुझी होती ना ती?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग?"

"पुढच्या थांब्यापर्यंत चालू या," बिट्टी म्हणाली. "तिथेही येतात."